रफीक पिंजाऱ्याची नदी

खैरपेठेत नवा माणूस उतरला आणि त्याने पांगडी नदी कुठे आहे म्हणून विचारलं, तर पानठेल्यावरचा माणूस तोंडाने उत्तर द्यायचा नाही. नुसतं नाक दाबून दाखवायचा. नदी कसली, नालाच तो. पण नाल्याला नाला म्हणायची गावाला लाज, म्हणून नदी म्हणायचं. कोंबडीवाल्याची पिसं तिच्यात, दवाखान्यांच्या सुया तिच्यात, लग्नातल्या पत्रावळी तिच्यात. एवढंच नाही, घरातले देवसुद्धा तिच्यात. तसबिरीची काच फुटली की देव कचऱ्यात टाकायचा नसतो, तो सन्मानाने नदीत सोडायचा असतो. मग ती नदी गटार का असेना. आता अशा लोकांना काय बोलावं?

याच गावात कोरपन्याच्या रस्त्याला रफीकचं गादी भांडार. बाप पिंजारी होता, खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरला. रफीकने मशीन घेतलं आणि एका जागी बसला. पन्नाशी नुकतीच उलटलेली, पण भुवयांवर कायम कापसाचे तंतू, त्यामुळे माणूस आहे त्याहून म्हातारा दिसायचा. वर सिमेंटच्या ट्रकांची धूळ. नसीम, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की तुम्हाला झटकलं तर एक उशी भरेल.

रफीक पांगडीत पोहायला शिकला होता. शिकला म्हणजे काय, बापाने उचलून टाकलं आणि हा बाहेर आला. तेव्हा पांगडीचं पाणी गाव प्यायचं. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून पुढे चांगलं मध्यापर्यंत मांडीभर पाणी आणि खाली पक्की वाळू. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया त्या घाटावर भुजल्या घेऊन यायच्या. भुजल्या म्हणजे टोपलीत माती घालून अंधारात उगवलेला गहू, पिवळाजर्द, लुसलुशीत. नदीत शिरून टोपली बुडवायची, माती धुऊन पाण्यात सोडायची आणि ती पिवळी रोपं वर आणून गावाला वाटायची. ज्याला मिळाली त्याने ती कानावर खोवायची आणि समोरच्याचं वर्षभराचं चुकलंमाकलं माफ करायचं. बाया घाटावर असेपर्यंत पुरुषाने घाटाची पायरी उतरायची नाही, वर पिंपळाखाली बसून वाट बघायची, ही रीत. लहानपणी रफीकही त्या पिंपळाखाली बसायचा. पिंजाऱ्याचं पोरगं म्हणून त्याला कोणी वगळलं नाही. दोन्ही कानांवर भुजल्या खोवून तो घरी जायचा.

पुढे गाव वाढलं, संडास झाले, नाल्या झाल्या आणि सगळ्यांची तोंडं पांगडीत सोडली. बायांनी नदीकडे जाणं बंद केलं. भुजल्या कुठे सोडू लागल्या माहीत आहे? मारुतीच्या देवळामागे नळाखाली प्लास्टिकचा टब ठेवून त्यात. टबात! एका वर्षी रफीक देवळासमोरून सायकलवर चालला होता, तेव्हा चंदाबाईची लेक करिष्मा, असेल नऊ-दहा वर्षांची, टबाशी उभी राहून आईशी हुज्जत घालत होती.

"आई, नदीत काऊन नाई? गाण्यात तं नदी म्हनतेत."

"गाण्यात काई बी म्हनतेत. बुडव लवकर, मांगं लाइन लागली."

झालं. त्या दिवशी रफीकच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. पांगडीत पुन्हा भुजल्या सुटल्या पाहिजेत. नसीमने कपाळावर हात मारला. "उनका त्योहार, सबकी नदी, और आपको क्या पडी है?" ती बोलली ते खोटं नव्हतं. रफीकचं उत्तर साधं होतं. बाई पोरीला हाताला धरून ज्या पाण्यात पाय टाकते, ते पाणी चांगलं. दुसरी परीक्षा नाही. भुजल्या आल्या म्हणजे नदी आली.

पहिल्या रविवारी तो एकटाच फावडं घेऊन उतरला आणि गुडघाभर चिखलात चप्पल हरवून आला. दुसऱ्या रविवारी गुणवंतराव आले. गावाला लागून त्यांची कापूस-सोयाबीनची शेती, दारात ट्रॅक्टर, आणि तोंड असं की सरळ बोललेलं कोणी ऐकलं नाही. "एकटा मराले चालला काय बे? चाल, मी पाह्यले येतो," म्हणाले आणि दिवस मावळेपर्यंत बेशरमाची झाडं उपटत राहिले. मग चंदाबाई आल्या. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा सुनिल घुग्घुसच्या खाणीत, रविवारी झोपायचा. त्या करिष्माला घेऊन यायच्या आणि चार बायांनाही ओढून आणायच्या.

करिष्मा नदीतच वाढली म्हटलं तरी चालेल. फ्रॉकमध्ये आलेली पोरगी घाटावरच मोठी झाली, कॉलेजात गेली, पण रविवार चुकवला नाही. चिखलातून निघालेल्या चपला ती धुऊन काठावरच्या भिंतीवर मांडून ठेवायची, कोणाची जोडी जमते का ते बघायला. एकही जमली नाही कधी. "काका, एका पायाचे लोक जास्त हायेत आपल्या गावात," म्हणायची. रफीकच्या पाठीला उसण भरली की त्याच्या हातातलं फावडं काढून घ्यायची आणि वरून हुकूम सोडायची. रफीक तिला मुकादम म्हणायचा. त्याला लेक नव्हती. असती तर तिला त्याने याहून जास्त जीव लावला असता असं वाटत नाही.

काम कसं होतं म्हणाल तर भोकाच्या बादलीत पाणी भरावं तसं. उन्हाळाभर गाळ काढून काठावर ढीग करावा आणि श्रावणातल्या पहिल्या पुराने तो सगळा पुन्हा आत न्यावा. एका वर्षी जलपर्णी ओढून ओढून हाताची सालं निघाली. दिवाळीपर्यंत पुन्हा हिरवागार गालिचा. खड्डा खणा, पूर भरून टाकायचा. दगड रचा, पूर पसरून टाकायचा. लोकांना तर गंमतच. "रफीकभाऊ, गादी भरून राह्यले का नदी?" पानठेल्यावरून हाक यायची. रफीक हसायचा. आत मात्र कुढायचा. किती वेळा घरी येऊन म्हणाला, आता बास. आणि रविवारी पुन्हा फावडं हातात.

अशी आठ-दहा वर्षं गेली. मग गुणवंतरावांनी एक डोकं चालवलं. काठावर गाळ ठेवायचाच कशाला? काळाभोर गाळ, शेतात टाकला तर सोनं. आजूबाजूच्या गावांत निरोप गेला की ज्याला पाहिजे त्याने स्वतः खोदावा आणि स्वतः न्यावा. बाप्पा, काय गर्दी! माघापासून ट्रॅक्टरची रांग. बायांना काम उरलं नाही, एकटी करिष्मा तेवढी येत राहिली. एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते एका उन्हाळ्यात झालं. दोन मोठ्या नाल्यांची तोंडंही गावाने मनावर घेऊन खाली वळवली, कारण आता नदीचं काहीतरी होतंय असं सगळ्यांना दिसायला लागलं होतं. माणूस बुडत्याला हात देत नाही, वर आलेल्याला देतो.

फक्त एक गोष्ट होती. ट्रॅक्टर उतरायला रस्ता एकच, घाटाशेजारचा उतार. त्यामुळे ज्याने त्याने खोदलं ते घाटासमोरच. वरची वाळू गेली, खालचा गाळ गेला, मग त्याखालचाही गेला. चैत्र संपला तेव्हा शेवटच्या पायरीपासून चार पावलांवर दोन पुरुष खोल खड्डा पडला होता, कडा अशा सरळ की विळीने कापल्यासारख्या.

रफीक खाली तळाशी उभा होता आणि करिष्मा वर खड्ड्याच्या काठावर बसून पाय हलवत होती.

"काका, हा खड्डा असाच ठेवनार काय?"

"पांगडीले मी वळखत नाई काय? एका पुरात सपाट करते ती."

"अन् नाई आला पूर तं?"

"कधी आला नाई, सांग बरं."

 गुणवंतरावही तेच म्हणाले, उलट आणखी खोदा म्हणाले, म्हणजे पुराचा गाळ त्यात बसेल आणि घाट स्वच्छ राहील. दहा वर्षं ज्या पुराने त्यांच्या कामावर पाणी फिरवलं, त्या पुरावर त्यांचा इतका विश्वास बसला होता. हे दुसऱ्या कुठल्या माणसाला सुचणार नाही. ज्याचं केलेलं दरवर्षी मोडतं, त्यालाच असं वाटतं की यंदाही मोडेल.

त्या वर्षी पूर आला नाही. पाऊस आला, पण सोयाबीनला मानवेल असा, रिमझिम, सावकाश. पांगडी इंच इंच चढली. पाणी चहासारखं गढूळ, पण वास नाही. लोक पुलावर थांबून बघायला लागले. पानठेलेवालाही आला आणि त्याने नाक दाबलं नाही. आषाढात पाणी शेवटच्या पायरीला लागलं, श्रावणात तिच्यावर आलं, आणि वरून बघाल तर सगळं एकसारखं, शांत, सपाट.

राखीच्या चार दिवस आधी चंदाबाई दुकानात आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "भाऊ, यंदा टब नाई. घाटावर येतो आमी." रफीक गादीला दोरा घालत होता. तो सुई तशीच गादीत टोचून बाहीने डोळे पुसू लागला, तेव्हा चंदाबाई हसल्या. "रडता कायले? चुना टाकून ठेवा पायऱ्याइले. शेवाळ हाय."

त्याने चुना टाकला. पायऱ्या खराट्याने घासल्या. सकाळपासून उपाशी. दुपार कलली तशा बाया निघाल्या, डोक्यावर टोपल्या, पुढे म्हाताऱ्या, मागे पोरी, गाणं म्हणत. गावातले पुरुष पिंपळाखाली जमले. रफीक त्यांच्यात सर्वांत पुढे बसला. तेव्हा, अगदी तेव्हाच, त्याच्या मनात आलं की एकदा बांबू घेऊन पायरीच्या पुढे टोचून बघावं. पूर आला नाही. खड्डा भरला कशाने असेल?

पण बाया घाटाच्या तोंडाशी आल्या होत्या. टोपल्या घाटावर आल्या की पुरुषाने खाली उतरायचं नसतं. आणि त्यातही आपण दुसऱ्या घरचे. इतक्या वर्षांनी बाया आल्या आहेत, त्यांच्या सणात बांबू घेऊन कुठे धावायचं? कोणी काय म्हणेल? तो अर्धा उठला आणि बसला. नंतर त्याने हे कोणाकोणाला सांगितलं, तर जो तो म्हणाला की तुम्ही काय करणार होता, रीतच तशी आहे. रीत! उठलेला माणूस बसला, एवढंच खरं.

खाली म्हाताऱ्या पायरीवर थबकल्या होत्या. सवय गेलेली. "पानी केवढं हाय वो?" एकीने विचारलं.

"मांडीभर," चंदाबाई म्हणाल्या. "लहानपनी आपुन मधापर्यंत जात होतो, इसरल्या काय?" मग मागे वळून म्हणाल्या, "करिष्मा, तू काऊन लपून राह्यली? तूच म्हनत होती ना नदीत, नदीत. जा पुढं. धारेत सोड."

करिष्माने एकदा वर पिंपळाकडे बघितलं. काका बसून आहेत म्हणजे खड्डा भरला, असं तिला वाटलं असावं. तिने टोपली डोक्यावर धरली आणि पुढे गेली. एक पाऊल, दुसरं, तिसरं, पाणी गुडघ्याला. ती वळून आईकडे बघून हसलीसुद्धा, असं सगळ्या बाया सांगतात. पुढच्या पावलाला ती दिसेनाशी झाली. इतकी गुपचूप की मागच्या बायांचं गाणं चालूच राहिलं. टोपली तेवढी पाण्यावर तरंगत होती. तिची मैत्रीण दिव्यानी हात द्यायला धावली, तीही गेली. तेव्हा कुठे किंकाळी उठली.

रफीकने पायऱ्या कशा गाठल्या ते त्याला आठवत नाही. दिव्यानीची वेणी हाताला लागली, तिला त्याने पायरीवर ढकललं. मग तो पुन्हा बुडाला. पुन्हा, पुन्हा. खड्ड्याचा कोपरा न् कोपरा त्याने स्वतः उभा राहून खणून घेतला होता, पण पाण्याखाली कोपरे कुठले दिसतात. काठावर सगळं गाव उभं होतं. चाळिशीच्या आतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. येणार कसं? नदीच नव्हती.

त्याने तिला बाहेर आणलं. गुणवंतरावांनी पालथी घालून पाठ दाबली, पोट दाबलं, बराच वेळ दाबत राहिले, मग लोकांनीच त्यांचे हात धरले. सुनिल घुग्घुसहून कोळशाने माखलेल्या कपड्यांतच मोटरसायकलवर आला. त्या संध्याकाळी गावात कोणाच्या कानावर भुजली नव्हती.

नंतर रफीकला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पुलावर लोक त्याला बघून बाजूला व्हायचे, आवाज खाली करायचे. त्याने मशीन बंद ठेवलं. कापसाचे गठ्ठे आले तसे परत पाठवले. नसीम जेवणाचं ताट ठेवायची आणि उचलायची. "आपने धक्का नहीं दिया था," ती रोज एकदा म्हणायची आणि तो रोज मान हलवायचा.

तेरवी झाल्यावर तो चंदाबाईंच्या घरी गेला. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाट सरकवला. 

"खड्डा माया होता, बाई," रफीक म्हणाला. "तिनं मले इचारलं होतं, पूर नाई आला तं. मी मस्करीत नेलं."

"जा पुढं मी म्हनलं," चंदाबाई म्हणाल्या. "ती घाबरत होती. मी म्हनलं."

"तुमाले मालूम नव्हतं."

"तुमी वरतं होते, भाऊ. मी तिच्या जवळ होती. हात लांब केला असता तं पोचला असता."

दोघांनाही तो दोष आपल्याकडे पाहिजे होता आणि दोघांपैकी कोणीही सोडायला तयार नव्हतं. तांदळात खडे नव्हते, तरी चंदाबाईंची बोटं चालूच होती. मग त्या म्हणाल्या, "एक मागतो तुमाले. तो खड्डा ठेवू नका. मी तिकून शाळेत जातो. मले तिथी पानी दिसलं नाई पायजे."

एका पुरात भरेल, हे वाक्य रफीकच्या जिभेवर आलं असेल का कोण जाणे. जन्मात पुन्हा ते त्याच्याने बोलवणार नव्हतं. तो म्हणाला, "हो."

गुणवंतरावांनी त्याला पुष्कळ समजावलं. "अबे, ऐक. खालून दगड टाकू, वरतून वाळू. सपाट करू, पह्यलेसारखं. कठडा लावू. माती-मलबा टाकशीन तं गाव सोडते काय? एक डाव टाकू दिला का सारेच टाकतेत. मंग नदी गेली समज."

"तिनं वाळू नाई मागितली, भाऊ," रफीक म्हणाला.

"ती दुःखात हाय. तिले काय समजते?"

"मले तरी काय समजलं होतं?"

गुणवंतराव एकही टोमणा न मारता उठून गेले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

रविवार ठरला. निरोप गेला तसा रस्ता रुंद करणारा कंत्राटदार स्वतः होऊन धावत आला, त्याच्याकडे फोडलेल्या नाल्यांचा मलबा पडलेलाच होता, टाकायला जागा नव्हती. आणि माणसं! इतकी वर्षं नदी साफ करायला तीस-चाळीसच्या वर कधी कोणी जमलं नाही. नदी भरायला अर्धं गाव आलं. घमेली घेऊन, फावडी घेऊन, रुमाल बांधून. पानठेलेवाला दुकान बंद करून आला. ज्यांनी दहा वर्षं पुलावरून गंमत बघितली ते रांगेत उभे राहून हातोहात घमेली देत होते, आणि कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच तर वाईट. सगळ्यांना त्या पोरीसाठी काहीतरी करायचं होतं.

रफीक पाण्याच्या कडेला उभा राहून येईल ते घमेलं रिकामं करत होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, डांबर. पाणी बाजूला सरायचं, बुडबुडे यायचे. चंदाबाई सकाळीच आल्या होत्या. कोणी त्यांना बसा म्हणालं, त्या बसल्या नाहीत. त्याही डोक्यावरून मलबा आणत होत्या, रफीकच्या पायाशी ओतत होत्या आणि परत जात होत्या. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

दुपारपर्यंत खड्डा भरला. मलबा वर येऊन पात्रभर पसरला. पलीकडे, लांबच्या काठाला लागून, अजून एक धार वाहत होती, हातभर रुंद, निर्मळ. गुणवंतरावांनी दोन्ही हात वर करून ट्रॅक्टर थांबवला. "बास," ते ओरडले. "खड्डा भरला. आता आवरा. थे धार राहू द्या." त्यांचा आवाज फाटला होता. रांग थांबली. सगळे रफीककडे बघायला लागले, कारण नदी त्याची होती, हे आता पहिल्यांदाच सगळ्यांनी मानलं होतं.

रफीकने चंदाबाईंकडे बघितलं. त्यांच्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. त्यांनी ते उतरवून त्याच्यासमोर धरलं.

"टाका, भाऊ," त्या म्हणाल्या. "आखीन पानी दिसून राह्यलं."

रफीकने घमेलं घेतलं आणि धारेकडे निघाला.